भयकथांचं कपाट

अंधेरी पूर्वेला भाजीबाजाराच्या वर, पहिल्या मजल्यावर आमचं वाचनालय आहे. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत पुस्तकं, मागच्या खोलीत अभ्यासिका. त्या अभ्यासिकेत खिडकीजवळच्या खुर्चीवर दोन वर्षं अभ्यास करून मी सरकारी नोकरीला लागले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वडील तालुक्याच्या बाजार समितीत हमाल, आई अंगणवाडीत मदतनीस. त्यामुळे या वाचनालयाचा विषय निघाला की मी जरा जास्तच भारावून बोलते, असं माझे मित्र म्हणतात. म्हणू देत.

मागच्या वर्षी वाचनालयाच्या कार्यवाह काकांचा फोन आला. अभ्यासिकेत जागा पुरत नव्हती, मुलं जिन्यात बसून अभ्यास करत होती. आणखी चार टेबलं टाकायची तर पुढच्या खोलीतलं एक कपाट हलवायला हवं होतं. वाचनालयाच्या समितीने तोडगा काढला होता: भयकथा रद्दीत.

"भुताखेतांची पुस्तकं आता नेतं कोण?" काका म्हणाले. "पण सगळ्या कथा-कादंबऱ्या एकत्र मिसळल्या आहेत. तू प्रकार लावून दे. प्रत्येकावर लेबल चिकटव आणि भयकथांचा गठ्ठा वेगळा बांधून ठेव. मी रविवारी सकाळी येऊन बघेन."

मी लगेच हो म्हटलं. काकांना नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं. माझ्या परीक्षेआधी महिनाभर ते सकाळी सहाला येऊन माझ्या एकटीसाठी कुलूप उघडायचे. फोन ठेवल्यावर मात्र मला काय कबूल केलं ते कळलं. आमच्या गावच्या शाळेत एकच कपाट होतं आणि त्यात हाताला येण्याजोगी होती ती फाटकी भुताची पुस्तकं. मधल्या सुट्टीत घ्यायची आणि घंटेच्या आत परत करायची. भरभर वाचायला मी त्या पुस्तकांवर शिकले. आता तीच माझ्या हाताने रद्दीत घालायची होती.

शनिवारी दुपारी मी दोन मित्रांना मदतीला बोलावलं. एक खारदांड्याची, कोळ्यांची मुलगी, आई अजून मासळी विकते आणि ही औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. दुसरा मालवणी, आजोबा गिरणीत होते, हा मोबाइलची ॲप बनवतो. मी दोघांना समितीचा निर्णय सांगितला.

"म्हणजे आपण जल्लाद," मालवणी म्हणाला. "सोपं आहे. भूत आलं की भयकथा. विषय संपला."

"असं कसं रे?" दांड्याची लगेच भांडायला उठली. "माझा आजा सांगायचा, बोटीच्या पुढे कधी कधी पाण्यावर एक दिवा चालतो. तो वळला तिकडे जाळं टाकायचं. कोण घाबरत नाय त्याला. ती काय भयकथा?"

"ती मग अद्भुत."

"अद्भुत कसलं? धंदा आहे तो आमचा!"

मी हसता हसता पहिलं पुस्तक उघडलं. एका गावात रोज नवी पायवाट उगवते आणि माणसं तिच्यावरून चालत दुसऱ्याच देशात जातात. हे अद्भुत, यावर तिघांचं एकमत झालं. दुसऱ्यात एका घरात रोज नवी खोली उगवते. ही भयकथा, यावरही एकमत झालं. पण का? दोन्हीत जे उगवायला नको ते उगवतं. मी बराच विचार करून म्हटलं, "पहिल्यात आपल्याला जावंसं वाटतं. दुसऱ्यात निघावंसं वाटतं."

"मास्तरीण बोलली," मालवणी म्हणाला. "आणि विज्ञानकथा?"

"यंत्र बिघडलं की विज्ञानकथा," दांड्याची म्हणाली.

"मग मी विज्ञानकथेतच राहतो. आमची लिफ्ट बघ एकदा येऊन."

तासाभरात भयकथांचा गठ्ठा माझ्या कमरेएवढा झाला. मी सुतळी घेतली आणि तशीच उभी राहिले. दांड्याचीने माझ्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर हिरव्या बांगड्या घातलेला हाडांचा हात होता.

"यात काय होतं गं?"

"सासू मरते आणि सुनेच्या स्वयंपाकात मीठ वाढवत राहते."

"मग ही भयकथा कशी? कौटुंबिक आहे ही." तिने कौटुंबिकचं लेबल चिकटवूनही टाकलं.

तिथून सगळं घसरलं. जमिनीच्या खटल्यासाठी परत आलेला मृत माणूस सामाजिकमध्ये गेला. लग्न ठरवायला निघालेली हडळ विनोदीत गेली. स्मशानातल्या वैद्याबद्दल "एवढी औषधं सांगतो तर आरोग्यविषयक लाव," असं फार्मासिस्टबाईंनीच सुचवलं. "गो बाय, ह्यो तर प्रवासवर्णन," म्हणत मालवण्याने एक फिरता वेताळ पार केला. मी थांबवायला हवं होतं. मी डिंक लावून देत होते. संध्याकाळी भयकथांच्या गठ्ठ्यात पाचच पुस्तकं उरली, आणि त्या पाचांची शेवटची पानं नव्हती.

रविवारी काका आले. पाच पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. सरळ कौटुंबिकच्या फळीकडे गेले आणि नेमकं बांगड्यांचं पुस्तक बाहेर काढलं.

"हे कौटुंबिक?"

"सासू आहे ती, काका," दांड्याची म्हणाली.

"मेली म्हणून काय सासू नाय?" मालवणी म्हणाला.

काका हसले नाहीत. माझ्याकडे वळले. "तू सांग. हे काय आहे?"

मला खोटं बोलता आलं असतं. सहा वाजता कुलूप उघडणाऱ्या माणसाशी आलं नाही.

"भयकथा आहे, काका. अशी साठेक पुस्तकं आम्ही लपवली आहेत."

दांड्याचीने कपाळाला हात लावला. काका खुर्चीत बसले. "तुला माहीत आहे ना, मुलं जिन्यात बसतात? तू बसली असतीस जिन्यात?"

"माहीत आहे. पण ही पुस्तकं नसती तर मी त्या जिन्यापर्यंत आलेच नसते." गावची शाळा, मधली सुट्टी, घंटा, सगळं सांगितलं. "आणि ती वाचून मी कधी घाबरले नाही. आमच्याकडे चिंचेवर कोण राहतं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. मी घाबरले ते वेगळ्याच पुस्तकाला."

"कुठल्या?"

मी सामाजिकच्या फळीवरून एक कादंबरी काढून त्यांना दिली. मुंबईतल्या एका कुटुंबाची गोष्ट. काकांची आवडती, नव्या सभासदाला ते आधी हीच सुचवतात.

"हिला?" ते जवळजवळ ओरडले.

"यात पाहुणी मुलगी बेल वाजवते. दार बोटभरच उघडतं, आत साखळी असते. फटीतून एक डोळा दिसतो आणि आवाज येतो, कोण पाहिजे? आमच्या गल्लीत दिवसा दार लावलं तर लोक विचारायला येतात, घरात कोणी आजारी आहे का. गावी असताना हे वाचून मला वाटलं, मुंबईला गेले तर मला अशाच दारांपुढे उभं राहावं लागणार. ते पान मी पुढे वाचलंच नाही."

"साखळी तर आमच्याही दाराला आहे," काका म्हणाले.

"हो. मी अभ्यासिकेच्या फॉर्मवर सही घ्यायला तुमच्या घरी आले होते. तुम्ही फटीतूनच विचारलंत, कोण पाहिजे."

खालून भाजीवाल्याची मेथीची आरोळी आली.

"म्हणजे काका," दांड्याची हळूच म्हणाली, "भयकथेत तुम्ही आहात."

काका आधी गालातल्या गालात आणि मग खांदे हलवत हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "पण मी तुला सही दिली होती ना?"

"दिलीत. चहाही दिलात."

हसू ओसरल्यावर ते पुन्हा कार्यवाह झाले. कपाट जाणार, त्यात बदल नाही. टेबलं येणार. ते म्हणत होते ते बरोबरच होतं. तेवढ्यात दांड्याची उठून दाराकडे गेली आणि वर बघत हाताने मापं घ्यायला लागली.

"आमच्या घरात एवढ्याशा जागेत सात माणसं आणि जाळी राहायची. सगळं डोक्यावर. इथे दाराच्या वर फळी ठोका की! भिंतभर. जमिनीवरची इंचभर जागा जाणार नाय."

काकांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "चालेल. समितीला मी सांगतो. पण एक अट आहे. लेबलं खरी लावायची. या वाचनालयात खोटं लेबल चालणार नाही."

पुढच्या रविवारी फळी बसली. ओल्या फडक्याने सगळी खोटी लेबलं खरवडून काढायला आम्हा तिघांना दोन तास लागले. पुस्तकं वर चढवली तेव्हा कळलं की फळीवर पन्नासच मावतात. पंधरा उरली. त्यांना दुसरीकडे जागा द्यायची तर ती भयकथा नाहीत हे आता खरोखर ठरवायला हवं होतं.

आम्ही जमिनीवर बसलो. काकाही खुर्ची सोडून खाली बसले. पहिलं पुस्तक दीपगृहावर एकट्या राहणाऱ्या माणसाचं होतं. रोज संध्याकाळी त्याला जिन्यावर पावलं ऐकू येतात आणि शेवटपर्यंत वर कोणी येत नाही.

"भयकथा," मालवणी म्हणाला.

"अजिबात नाही," काका म्हणाले. "तो रोज दोन कप चहा टाकतो, ते वाचलंत का? त्याला कोणीतरी यायला हवंय. ही सामाजिक आहे."

"काका, तुम्ही हे वाचलंय?" मी विचारलं.

"या आठवड्यात नऊ वाचली. वाचल्याशिवाय लेबल कसं लावणार?"

"पण पावलं कोणाची ते कळत नाय ना शेवटी!" दांड्याची म्हणाली.

"न कळणं म्हणजे भय नव्हे!"

"मग काय?"

काकांनी पान शोधायला चष्मा चढवला, मालवण्याने दुसऱ्या बाजूने पुस्तक धरलं आणि मी डिंकाची बाटली बंद करून ठेवली. एवढ्यात लागणार नव्हती.