पाण्यातली शर्यत

निजामाच्या राज्यात, कुंभार पिंपळगावच्या पलीकडे गोदाकाठी आमचं गाव. चौदाव्या वर्षी मी जत्रेतल्या शर्यतीत मोठ्या गड्यांबरोबर पळालो आणि सगळ्यांत शेवटी आलो. रडवेला होऊन नदीवर गेलो. तिथं एक अनोळखी धनगर मेंढ्या धूत होता. प्रत्येक मेंढीच्या हनुवटीखाली तळहात धरायचा, तिच्याशी दोन शब्द बोलायचा आणि मगच तिला पाण्यात घ्यायचा.

“काहून रडून राह्यला रे?” त्यानं विचारलं. मी सांगितलं.

तो हसला. “पळताना समदं वजन पायावर येतं. तुझे पाय अजून कवळे, त्यांचे भरलेले. पाण्यात मातर वजन नदी उचलते. तिथं हलकं अंग बराबर सरकतं. जा, बोलाव त्यायला!”

शर्यत जिंकलेला पैलवान मजेनं आला. आम्ही पैलतीराकडे सूर मारले. मी लहानपणापासून त्याच पाण्यात वाढलेला. पैलवान दणादण हात आपटत राहिला आणि मी आधी पलीकडच्या वाळूला लागलो. धनगरानं आनंदानं पागोटं उडवलं, ते नदीत पडलं. धापा टाकणारा पैलवानच हसत हसत ते आणायला वळला.

ओलं पागोटं तसंच गुंडाळून धनगर मेंढ्यांमागं निघून गेला. नाव विचारायचं राहिलंच. पण जत्रेत एखादं पोर शेवटी आलं, की मी अजून त्याला विचारतो, “पोहता येतं का रे?”