माझ्या ओळीत नको

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. आम्ही ख्रिस्ती. मेलेला माणूस न्यायाच्या दिवसापर्यंत निजतो, एवढंच आम्हाला शिकवलेलं. भूत, अंगात येणं, हे सगळं मी हसण्यावारी नेत आले. पण हे माझ्यावरच गुजरलंय... आणि तेही भर दुपारी.

आम्ही पूर्ण्यात राहतो. मालक रेल्वेत होते, आता देवाघरी. इथल्या चर्चमध्ये चाळीस वर्षं मी प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या आठवणीत द्राक्षरस देतात ते, पेले धुते. दर शनिवारी — बाळंतपणं सोडली तर एक शनिवार चुकवला नाही.

सुशीला माझी धाकटी जाऊ. दीर गेले आणि वर्षाच्या आत ती नांदेडला एका माणसाकडे राहायला गेली. लग्न नाही, काही नाही. बारा वर्षं चर्चची पायरी चढली नाही. मागच्या वर्षी लय आजारी होऊन आली, ती माझ्याच घरी. चर्चचे पाळकसाहेब आले. ही रडली, "चुकले" म्हणाली, आणि साहेबांनी त्याच दिवशी प्रभुभोजन दिलं. मी धुतलेल्या पेल्यातून! शेजारीण म्हणते, "सुशीलाबाईचं सोनं झालं, आता सरळ स्वर्गात." मग आमची चाळीस वर्षं काय फुकट?

त्या शनिवारी चर्चची कडी आतून लावून मी एकटी पेले धुवायले होते. ओठसुद्धा न हलवता मनात म्हणलं — देवा, तिला स्वर्गात घ्यायचं तर घे, पण माझ्या ओळीत बसवू नको. मागं, दाराजवळ बसव.

हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते?

पुढं तिची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आज-उद्या. पण पाच दिवस झाले तरी जीव जाईना. सहाव्या दिवशी दुपारी मी तिचं तोंड पुसत होते, तर तिनं डोळे उघडले. आवाज एकदम स्वच्छ.

"आक्का, तुमी त्याला ओळीचं काय म्हणलाव?"

"कुणाला गं?"

"त्याला. मला दारातच उभं केलंय. म्हणतोय, तुझ्या जावंनं अडवलंय, तिनंच सोडावं." जराशी हसली. "लय जोर लावलाव की वो."

"मग कुठं बसवणार तुला?" खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला तेच पडलं होतं.

"ओळीच न्हाईत तिथं. सोडा की आता... पाय दुखायलेत."

सोडवतच नव्हतं मला. इतकं सगळं करून ही माझ्याआधी आत जाणार... पुसलेलं तोंड परत परत पुसत बसले. शेवटी म्हणलं, "जा बाई. बस कुठं बसायचं तिथं."

तिनं डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला, आणि गेली.

पाळकसाहेब म्हणतात, तापात माणूस बडबडतं. ताप नव्हता तिला. थोरला म्हणतो, आई, तूच झोपेत बोलली असशील. मी झोपते पलीकडच्या खोलीत, दार लावून. मग तिला कळलं कसं? मला अजून उमगलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला उमगलं तर सांगा.

एक गोष्ट लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. चाळीस वर्षं मी रोज त्याच्याशी बोलते, मला एका शब्दाचं उत्तर नाही. तिच्याशी बोलला... आणि बोलला तोही माझ्याबद्दल.