तोवर माझाच नंबर राहू दे

फोन आला तेव्हा मी कामोठ्यात एका क्लासच्या सरांसमोर बसले होते. सरांना त्यांच्या वेबसाईटवर आजवर पहिले आलेले सगळे विद्यार्थी हवे होते, फोटोसकट, आणि तेही पहिल्याच पानावर. मी समजावून समजावून दमले होते. तेवढ्यात स्क्रीनवर ‘अनघावहिनी’ असं नाव आलं आणि मला हायसं वाटलं, कारण गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की वहिनीच्या ताब्यात द्यायचं, हा आमचा शिरस्ता. “अगं, तूच बोल बाई यांच्याशी,” असं म्हणतच मी फोन घेतला. पलीकडे दादा होता, माझा सख्खा भाऊ, तिचा नवरा. “मिनू...” एवढंच म्हणाला, पुढे त्याला बोलता येईना. वहिनीच्या नंबरवरून दादाचा आवाज... तेवढ्यावरूनच मी सरांसमोरून उठले. सकाळी कामाच्या टेबलाशी बसल्या बसल्या तिला कसंतरी झालं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

त्याला आता काही आठवडे होऊन गेलेत. त्या दिवसानंतर तिचा नंबर लावायची मला हिंमत झाली नव्हती. लावला असता तर कुणी उचलला असता हेही ठाऊक नव्हतं. दादा तिच्या खोलीत दार लोटून बसायचा. मी रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचे, तो “ठेव” म्हणायचा, आणि मी बाहेरच्या खोलीत जरा वेळ बसून परत यायचे. दोघांना मूलबाळ नाही. घरात तो एकटा. आत तो काय करतो, झोपतो, नुसता बसतो की एकटाच पुटपुटतो, काही कळत नव्हतं, आणि विचारायची भीती वाटायची.

वहिनी आणि मी पनवेलात छोट्या धंद्यांच्या वेबसाईट बनवायचो. आखणी आणि बांधणी तिची. गिऱ्हाइकांना भेटणं, मजकूर लिहिणं आणि वेळप्रसंगी पैशांसाठी भांडणं माझ्याकडे. आधी ती वाशीला एका कंपनीत होती. तिथली नोकरी सोडून घरच्या आतल्या खोलीत दोन टेबलं टाकून तिने हे सुरू केलं तेव्हा मीच सगळ्यात जास्त हसले होते, कारण धंदा करायला लागतो तो बेफिकीरपणा हिच्यात औषधालाही नव्हता. वहिनी म्हणजे काळजीचं माहेरघर! गॅस बंद केला की नाही, या शंकेपायी दोघं पुण्याला निघालेली खालापूरवरून परत आली होती. गॅस अर्थातच बंद होता. दादा ही गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात सांगायचा आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, “हसा. पण चालू असता तर?”

तिची सगळी कामाची पद्धत त्या ‘तर’वर उभी होती. कॉम्प्युटरला ती सुरुवातीला हातही लावायची नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर पेन्सिलीने चौकोन काढायची, हे पहिलं पान, हे दुसरं, इथून माणूस इथे जाणार. त्याआधी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायची. “ही साईट कोण उघडणार, आणि उघडेल तेव्हा तो माणूस कुठल्या अवस्थेत असेल?” लोक गोंधळून जायचे. त्यांना रंग सांगायचे असायचे, आजोबांचा फोटो कुठे टाकायचा ते सांगायचं असायचं. ही म्हणायची, ते सगळं होईल हो, आधी मला तो माणूस सांगा. मग त्या न पाहिलेल्या माणसाची काळजी हिच्या डोक्यात जी शिरायची, ती साईट सुरू होईपर्यंत निघायची नाही. “त्याचं वय झालं असेल आणि चष्मा घरी राहिला असेल तर?” म्हणून अक्षरं मोठी. “त्याचा नेट संपत आला असेल तर?” म्हणून फोटो बारीक करून करून टाकायचे. मी वैतागून म्हणायचे, “वहिनी, तुझा हा माणूस जगातला सगळ्यात कमनशिबी माणूस आहे.” ती म्हणायची, “त्याच्यासाठीच करायचं. बाकीच्यांचं काय, ते कसेही पोचतात.”

हिरामणशेठच्या कामात वहिनीच्या या न पाहिलेल्या माणसाने कहर केला. हिरामणशेठ कळंबोलीचे. घरची जमीन प्रकल्पात गेली, त्या पैशांतून त्यांनी क्रेन घेतल्या. एक्स्प्रेसवेवर किंवा बोरघाटात ट्रक बंद पडला, उलटला, की ओढून काढायचं काम. माणूस दिलदार, गळ्यात चेन, बोलणं दणदणीत. त्यांना साईटवर फिरणारी क्रेन हवी होती, मागे गाणं हवं होतं, आणि पुढाऱ्यांबरोबरचे स्वतःचे फोटो हवे होते. वहिनीने आपला नेहमीचा प्रश्न विचारला. शेठ म्हणाले, “कोन म्हंजे? डायवर! गाडी आडवी पडलेली, त्याला काय सुचत नाय, पाऊस पडतोय, मागून गाड्या सुसाट येतात... आनि काय अवस्था आसनार?” वहिनीचा चेहराच उतरला. घरी येताना रिक्षात म्हणाली, “मिनू, त्याच्या फोनची बॅटरी संपत आली असेल गं.”

मग त्या साईटवर काही राहिलंच नाही. वर अंगठ्याएवढा नंबर, दाबला की फोन लागणार. खाली ‘गाडी कुठे आहे ते सांगा, आम्ही निघतो’ एवढं वाक्य, मराठीत आणि हिंदीत. शेठचा फोटो पार तळाशी. शेठ खट्टू झाले. “ताई, येवढे पैशे घालून निसता नंबर? मी काय पाटी रंगवून घेतली नसती?” वहिनी हात जोडून म्हणाली, “तुमचे फोटो दुसऱ्या पानावर हवे तेवढे टाकते. पण त्या ड्रायव्हरला तुमच्या फोटोतून वाट काढायला लावू नका.” शेठ जरा वेळ चेन चाचपत बसले आणि मग म्हणाले, “बरं, तुमी म्हनता तसं.”

कुठलीही साईट सुरू करण्याआधी आमचा एक विधी असे. तिच्याकडे एक जुना, काच तडकलेला, चिकटपट्टी लावलेला स्वस्तातला फोन होता. तो घेऊन मी स्कूटरवरून गोवा रस्त्याने कर्नाळ्याच्या पलीकडे जायचं, जिथे डोंगरामुळे रेंज जेमतेम मिळते, आणि कोकम सरबताच्या टपरीपाशी उभं राहून साईट उघडायची. पान दिसेपर्यंत सावकाश आकडे मोजायचे. पाचाच्या पुढे गेलं तर काम नापास, परत घरी येऊन सगळं हलकं करायचं. दिसलं, की साईटवरचा नंबर दाबायचा. तो नंबर तोवर वहिनीचाच असायचा. गिऱ्हाइकाचा नंबर ती अगदी शेवटी, दुसऱ्या दिवशी देवाला नमस्कार करून घालायची. “पहिल्यापासूनच त्यांचा घाल ना,” असं मी एकदा म्हटलं होतं. “नको. अर्धवट साईटवर चुकून कुणी आलंच, तर त्याचा फोन मला आला पाहिजे. तोवर माझाच नंबर राहू दे.” मी टपरीवरून फोन लावला की पहिल्या रिंगला उचलायची. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “दिसतंय का? किती मोजलंस?”

हिरामणशेठच्या साईटचा हा विधी व्हायचा राहिला. त्यांनी पाहून होकार कळवावा म्हणून तिने त्यांना कच्च्या साईटची लिंक पाठवली, आणि दोन दिवसांत ती गेली. त्यानंतर कामाचा विषय काढणंच नको वाटायचं. शेवटी मनाचा हिय्या करून मी कळंबोलीला त्यांच्या यार्डात गेले. म्हटलं, शेठ, एवढ्या दिवसांची दिरंगाई झाली, आता येत्या आठवड्यात सुरू करून देते. त्यांनी चहा मागवला, वहिनीची आठवण काढली, डोळे पुसले. मग म्हणाले, “पन ताई, साईट तं चालू हाय की.”

मला कळेना. शेठ उत्साहाने सांगू लागले, “तुमची वयनी गेली त्याच हप्त्यात मी ती लिंक सगल्या डायवर लोकांच्या ग्रुपवर टाकली. म्हटलं, बाईंचं शेवटचं काम हाय, लोकांनी बघाया नको? लय पुढं गेली ती. पार सोलापूरची पोरं सांगतात, आमच्याकडं आली म्हनून.”

त्या साईटवर शेठचा नंबर नव्हता. वहिनीचा होता. गेले कितीतरी दिवस घाटात अडकलेली माणसं तो अंगठ्याएवढा नंबर दाबत होती, आणि तो फोन वाजत होता एका मेलेल्या बाईचा. किंवा वाजतही नसेल. कधीच बंद पडला असेल. मला तो तिचा माणूस डोळ्यांसमोर दिसायला लागला, कडेला उभा, पावसात, फोन कानाला लावलेला, आणि पलीकडून ‘हा नंबर सध्या बंद आहे’... जन्मभर तिने ज्याची काळजी केली त्याला तिच्याच साईटने रस्त्यावर उभं केलं होतं. शेठ काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी तिथेच माझ्या फोनवर साईट उघडली. नंबर दोनदा चुकून सुटला. तिसऱ्यांदा दाबला.

अर्धी रिंगसुद्धा झाली नाही.

“हॅलो, गाडी कुठे आहे तुमची? कुणाला लागलंय का?”

दादा होता. तो पुढे बोलत राहिला, “हॅलो? आवाज येत नाहीये का? घाबरू नका. रेंज नसेल तर थोडं पुढे चालत या, पण कडेकडेने या, रस्त्यावर येऊ नका. मी फोन धरून ठेवतो.” इतकी वाक्यं त्याच्या तोंडून मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. कसंबसं म्हटलं, “दादा, मी आहे. मिनू.” तो म्हणाला, “तू होय? मग ठेव लवकर. लाईन अडकते.”

मी ठेवला, आणि शेठच्या यार्डात, लोखंडी साखळ्यांच्या ढिगाशेजारी, हमसून हमसून रडले. शेठ बिचारे गांगरले. म्हणाले, “तुमच्या हापिसातला तो साहेब ना? लय निवांत बोलतो. गाडी कुठं, काय झालं, सगलं विचारून मना कळवतो. मना वाटलं, तुमीच बसवलाय.”

संध्याकाळी डबा घेऊन गेले तर या वेळी मीच दार ढकलून आत गेले. वहिनीच्या टेबलावर तिचा फोन चार्जरला लावलेला. दादा खुर्चीत. म्हणाला, “पहिला फोन आला तेव्हा मला राँग नंबर वाटला गं. ठेवून दिला. परत आला. माणूस रडकुंडीला आला होता. मग तिच्या फोनमध्ये शोधलं, ‘हिरामण क्रेन’ म्हणून नाव होतं. त्यांना कळवलं. पण ते निघाले की नाही, याचीच काळजी लागून राहिली. मग त्यांना परत फोन केला. मग त्या माणसाला केला, आले का म्हणून...” बोलता बोलता तो थांबला आणि माझ्याकडे पाहून ओशाळल्यासारखं हसला. ‘चालू असता तर’ची गोष्ट सांगून लग्नकार्यात सगळ्यांना हसवणारा माझा भाऊ हा!

खरं काय ते सांगणं भाग होतं. मी म्हटलं, “दादा, तो नंबर बदलावा लागेल. शेठचा घालावा लागेल.” त्याने तिच्या फोनची चार्जरची पिन नीट खोचली. मग म्हणाला, “म्हणजे फोन यायचे बंद होणार.” फोन बंद झाले की हा पुन्हा दार लोटून बसणार, ही भीती होती. आणि नाही बदलला तर एखाद दिवशी, दादाला जरा डोळा लागलेला असताना, कुणीतरी घाटात... मला दोन्हीकडून धास्ती. शेवटी तोच म्हणाला, “बदल. एकाच्या जागी दोन फोन होतात त्यात वेळ जातो. तिला हे अजिबात चाललं नसतं. पण आधी कर्नाळ्याला जाऊन ये. ते राहिलंय ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तडकलेला फोन घेऊन मी गेले. टपरीवाल्याने विचारलं, “बरेच दिवसांनी?” मी एक सरबत सांगितलं. साईट उघडली, मोजू लागले. एक... दोन... तीन... चाराला पान आलं. नंबर दाबला.

“दिसतंय का? किती मोजलंस?” दादाने विचारलं. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसणाऱ्या या माणसाने इतकी वर्षं सगळं ऐकलं होतं तर. “चार,” मी म्हटलं. “मग पास,” तो म्हणाला, आणि पुढे आम्ही दोघंही फोन धरून राहिलो. घरी येऊन मी शेठचा नंबर घातला. देवाला नमस्कार दादाने केला.

आता कामोठ्याच्या सरांची साईट घेतली आहे. वहिनीच्या एका जुन्या साच्यावरून मला जमेल तशी उभी करते आहे. विद्यार्थ्यांचे फोटो दुसऱ्या पानावर गेले, सर अजून रुसलेले आहेत. परवा तिच्या टेबलाशी बसून संपर्काचा चौकोन भरत होते आणि माझा नंबर टाकू लागले, तर मागून दादाचा आवाज आला, “तिचाच असू दे ना तोवर.” मी तिचाच टाकला. त्याने विचारलं, “क्लासचा फोन आला तर काय विचारायचं?” म्हटलं, “मुलगा कितवीत आहे ते विचार.” तो तोंडातल्या तोंडात ते दोनदा म्हणाला. मग फोन चार्जरवरून काढून त्याने रिंगचा आवाज मोठा केला आणि आपल्यासमोर ठेवला.