सासूबाईंनी वाचलेला निकाल

लेक चार वर्षांची होत आली, तेव्हा आम्हाला लंडनच्या हाउन्सलोत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पंधरा जानेवारीच्या आत कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, प्रायमरी शाळांची पसंतीक्रमाने यादी कळवायची होती. मी डेटाच्या नोकरीतली. म्हटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ! सरकारी वेबसाइटवर प्रत्येक शाळेचे आकडे असतातच. इयर सिक्सच्या, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या इयत्तेच्या शेवटी किती टक्के मुलं वाचन, लेखन आणि गणितात अपेक्षित पातळीला पोचली, ते मी एक्सेलमध्ये उतरवलं आणि रंग भरले. चांगल्या शाळा हिरव्या, बऱ्या पिवळ्या, उरलेल्या लाल. घराच्या मागच्या गल्लीतली शाळा लाल होती.

शाळांचे प्रकार मात्र मला आवरेनात. कम्युनिटी स्कूल कौन्सिल चालवते, अ‍ॅकॅडमी ट्रस्ट चालवतो, फेथ स्कूलला धर्माची जोड. फ्री स्कूल वाचून मला वाटलं, फुकटची शाळा.

"म्हणजे बाकीच्यांना फी आहे?" मी घाबरून नवऱ्याला विचारलं.

"सगळ्याच फुकट आहेत गं. ती पण एक प्रकारची अ‍ॅकॅडमीच. फक्त नव्याने काढलेली."

यादीत सगळ्यात वर होती एक कॅथलिक शाळा. तिच्या फॉर्मवर फादरची सही लागत होती, मूल नियमाने चर्चला येतं म्हणून. नवरा म्हणाला, "दर रविवारी जाऊ या का? प्रार्थनाच तर करायची आहे." तेव्हा सासूबाई सोफ्यावर मेथी निवडत होत्या. दिवाळीपासून त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "जा की. पण शाळा मिळाल्यावरही जाणार असलास तर जा."

तो विषय तिथेच मिटला. दुसरी हिरवी शाळा दीड मैलावर; प्रवेश घराच्या अंतरावर ठरतो, आणि तिथे आदल्या वर्षी शेवटचा प्रवेश मिळालेलं मूल आमच्यापेक्षा कितीतरी जवळ राहत होतं. तिसरीचंही तेच. मी रडकुंडीला आले.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि माझ्या लॅपटॉपसमोर बसल्या. त्यांनी तीस वर्षं पुण्यात महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं होतं.

"ही मागची शाळा लाल का?"

"टक्के कमी आहेत, आई."

"वर्गात मुलं किती होती?"

ते मी पाहिलंच नव्हतं. शोधलं तर सत्तावीस.

"म्हणजे एक मूल जवळजवळ चार टक्क्यांचं झालं," त्या म्हणाल्या. "एक पोरगं तापाने फणफणलं की शाळा चार टक्क्यांनी आजारी. आधीच्या वर्षांचे निकाल काढ बघू."

काढले. आलेख डोंगराच्या चित्रासारखा, एक वर्ष वर, एक वर्ष खाली. एवढा डेटा रोज चाळणाऱ्या मला हे सुचू नये, याची मला भयंकर लाज वाटली. त्या मात्र पुन्हा मेथीकडे वळल्या. "उद्या शाळा बघून येऊ. मी येते."

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका उंच होत्या आणि मुलांशी बोलताना थेट गुडघ्यांवर बसत. त्यांनी वर्ग दाखवले, ग्रंथालय दाखवलं. मग "काही प्रश्न?" म्हणून थांबल्या. मी पाठ करून आणलेले प्रश्न सुरू करणार, तेवढ्यात सासूबाई मराठीत म्हणाल्या, "त्यांना विचार, जी मुलं त्या पातळीला पोचली नाहीत, ती कोण होती?"

मला संकोच वाटला. असं कुणी विचारतं का? पण विचारलं.

 बाई नाव न घेता एकेकाबद्दल सांगू लागल्या. एक मुलगी इयर फाइव्हमध्ये आली, घर बदलत बदलत चौथ्या शाळेत. एकाला बोलायलाच त्रास होता. दोघं अगदी एक-दोन मार्कांनी हुकले. प्रत्येकाला काय जमायला लागलं होतं आणि काय राहून गेलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. एकदाही कागद बघितला नाही.

मी सगळं सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "थँक यू, मॅडम," आणि बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. बाहेर पडल्यावर मी विचारलं, "काय वाटलं?"

"नापास मुलांची माहिती मी कितीदा मागितली असेल आमच्या हेडमास्तरांकडे! ते रजिस्टर शोधायला जायचे," त्या म्हणाल्या. "ही पहिली घाल."

आम्ही तीच पहिली घातली. एप्रिलमध्ये ईमेल आला, शाळा मिळाली. मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन सासूबाईंना फोन केला, तर पलीकडून पहिला प्रश्न, "आपल्याला चालत जायला किती मिनिटं लागली होती?"

"चार."

"मग झालं."

लेक आता इयर टूमध्ये आहे. शाळेचा पहिला आठवडा ती दारात माझा कोट धरून रडली. आता मला दारापर्यंत येऊ देत नाही. मागच्या वर्षी शाळाही अ‍ॅकॅडमी झाली. तसं पत्र आलं तेव्हा मी घाबरून ते नवऱ्याला पाठवलं. पालकसभेत एका आजोबांनी उठून विचारलं, "म्हणजे नेमकं काय बदलणार?" बाई म्हणाल्या, "फाटकावरची पाटी, आणि मी कुणाला रिपोर्ट करते ते. छत गळतं ते गळतंच, पण आता तक्रार वेगळ्या पत्त्यावर जाईल." सगळे हसले. यंदाचा निकाल आधीपेक्षा खाली आला. मी तो पाहिला, हे कबूल करते. दोनदा पाहिला. मग लॅपटॉप बंद केला आणि लेकीला आणायला निघाले, कारण तीन वाजून गेले होते.