मैदानाच्या कडेची खुर्ची

हेमलताबाई राऊत यांचा आणि माझा पहिला परिचय एका प्लास्टिकच्या खुर्चीवरून झाला, आणि गौरवग्रंथात लिहायला संकोच वाटतो, पण तो परिचय म्हणजे चक्क भांडण होतं. विद्यापीठाच्या क्रीडाविज्ञान विभागात मी संख्याशास्त्राचा अध्यापक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. माणसं चालतात कशी, वाकतात कशी, त्यांचा तोल कुठे जातो याची मोजमापं विभागातली मंडळी घेत. त्या आकड्यांतून अर्थ काढणं हे माझं काम. बाई विभागप्रमुख होत्या. मी आलो त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या विभागाला आपल्या गावी, चिखल्याला, समुद्राकाठच्या मैदानावर नेलं. तिथे त्या दरवर्षी सर्वांसाठी खेळमेळा भरवत. सर्वांसाठी म्हणजे खरोखरच सर्वांसाठी: चाकाच्या खुर्चीतली मुलं, न दिसणारी माणसं, चिकूच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या आणि तलासरीच्या पाड्यांवरून टेम्पो भरून आलेल्या बायका.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. गुडघ्यावर हात दाबून मी चालतो. शाळेपासून मैदानावरची माझी जागा ठरलेली होती: कडेची खुर्ची, हातात शिट्टी आणि गुण मोजायचं काम. सवयीप्रमाणे मी एक खुर्ची शोधून आणली आणि बसलो. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"ही खुर्ची इथे कुणी आणली?"

"मीच. गुण मोजतो ना."

"गुण कुणालाच नकोत. उठा."

"बाई, माझ्यामुळे खेळ बिघडेल."

"मग बिघडू दे. बिघडला की दुरुस्त करू. त्याचाच तर पगार घेतो आपण."

आणि खेळ कोणता, तर लंगडी! माझ्यासमोर या खेळाचं नाव घ्यायलाही सहकारी कचरत होते. बाईंनी ते मोठ्याने पुकारलं आणि वर नियम बदलला: पकडणाऱ्याने लंगडी घालायचीच, पण पळणाऱ्यांनीही एका पायावरच पळायचं. माझा उजवा पाय जन्मभर दोन पायांचं काम करत आलेला. दोन्ही पाय धडधाकट असलेले प्राध्यापक चार उड्यांत धापा टाकू लागले आणि मी त्यांना एकामागून एक बाद करत सुटलो. चष्मा वाळूत हरवला, कपड्यांची पार रया गेली. मला बाईंचा भयंकर राग आला होता आणि तितकाच आनंद झाला होता. त्यांना मात्र मी फक्त रागच दाखवला.

तेव्हापासूनचा माझा वैताग आजतागायत चालू आहे. संपादकांनी 'बाईंच्या गुणांचा परामर्श घ्यावा' असं कळवलं आहे. घेतो. पण बाईंचा मुख्य गुण हाच की कुणी नुसतं बघत बसलेलं त्यांना सहन होत नाही, आणि या एका गुणाने त्यांनी विभागातल्या प्रत्येकाला सळो की पळो करून सोडलं.

गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाड नाक्याचंच उदाहरण घ्या. आम्ही तलासरी तालुक्यातल्या एका शिबिराला निघालो होतो, वाटेत चहाला ढाब्यावर थांबलो. नाक्यावर ट्रकची रांग लागलेली, ड्रायव्हर मंडळी खाटांवर कंबर धरून बसलेली. झालं! बाईंनी गाडीतून चेंडू काढला. गुजराती, हिंदी, मराठी जी सापडेल ती भाषा वापरून त्यांनी त्या दांडग्या माणसांना गोल उभं केलं आणि चेंडू झेलायला, वाकायला, वळायला लावलं. एक सरदारजी मला म्हणाले, "मॅडम हमेशा ऐसी ही हैं?" मी म्हटलं, "आज तो फिर भी शांत हैं." शिबिराला आम्ही इतक्या उशिरा पोचलो की उद्घाटनाचे पाहुणे भाषण करून निघून गेले होते. बाई म्हणाल्या, चला, तेवढा वेळ वाचला.

पण खरा कहर केला तो तलासरीजवळच्या वेवजी गावात. भातलावणी करणाऱ्या बायकांची पाठ आणि तोल यांवर आमचं संशोधन चाललं होतं. आखणी माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. एका पाड्यावरच्या बायकांनी आठवड्यातून ठरावीक वेळा खेळायचं, दुसऱ्या पाड्यावरच्या बायकांनी अजिबात खेळायचं नाही, नेहमीचं जगणं चालू ठेवायचं. मग दोन्ही गटांची मोजमापं ताडून पाहायची. न खेळणारा गट नसेल तर खेळाने काय साधलं ते सिद्धच होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. बाईंनी तर ते आयुष्यभर शिकवलं!

मी मोजमापांसाठी वेवजीला गेलो तर मैदानात दोन्ही पाडे. न खेळणाऱ्या गटातली जानकी नावाची बाई, जिला डोळ्यांनी फार अंधुक दिसतं, आवाजाच्या रोखाने चेंडू मारत होती आणि खदाखदा हसत होती.

"बाई, हा माझा तुलनेचा गट होता," मी जवळजवळ रडकुंडीला आलो.

"रोज बांधावर बसून बघायच्या हो त्या," बाई म्हणाल्या. "किती दिवस बघू देणार?"

"संशोधन संपेपर्यंत!"

"मग तुमचं संशोधन दुरुस्त करा. बायका दुरुस्त आहेत."

निबंध छापायला पाठवला, तर परीक्षकांनी विचारलं की तुलनेचा गट कुठे आहे. बाईंनी उत्तराच्या मसुद्यात एकच शब्द लिहिला: 'मैदानात'. तो मी खोडला आणि सगळी आखणी नव्याने केली. एका गटाने आधी खेळायचं, दुसऱ्याने थोड्या काळाने, पण कायमचं बसवून कुणालाच ठेवायचं नाही. पुढे विभागाचं सगळं संशोधन याच रीतीने झालं. परिषदांतून माझं त्याबद्दल कौतुक होतं तेव्हा बाई पहिल्या रांगेत गंभीर चेहऱ्याने टाळ्या वाजवतात, तेही मला सहन करावं लागतं.

त्यांच्या मायेबद्दलही लिहायला हवं, पण तीही आरडाओरड्यातूनच वाहते. माझ्या डाव्या बुटाला जाड तळवा लागतो. तो झिजल्याचं मला कळलं नव्हतं, बाईंना माझ्या चालीवरून जिन्यात कळलं. त्यांनी मला धरून बूट करणाऱ्याकडे नेलं आणि तळव्याच्या उंचीवरून त्याच्याशी असा वाद घातला की तो शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, ह्या तुमच्या कोण?" उत्तर बाईंनीच दिलं, "वरिष्ठ आहे मी त्यांची. तुम्ही माप घ्या." दुसऱ्या दिवशी घरी चिकूची पेटी आली. कुणावर ओरडल्या की बाई चिकू पाठवतात. आमच्या घरी चिकू कधी विकत आणावे लागले नाहीत.

आता माझ्या आजच्या वैतागाकडे येतो, कारण हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे.

गेल्या वर्षी बाईंना अर्धांगाचा झटका आला. हलका होता, पण उजवा हात आणि उजवा पाय मंदावले. बोलणं शाबूत राहिलं, हे दवाखान्यातल्या सर्वांनी अनुभवलं. काठी घेऊन त्या हिंडू-फिरू लागल्या, आणि आता वेवजीतही भरणाऱ्या मेळ्याला येते म्हणाल्या तेव्हा आम्ही सगळे हरखून गेलो. त्या आल्या. गाडीतून उतरल्या. आणि मैदानाच्या कडेला खुर्ची मागून घेऊन बसल्या!

"शिट्टी द्या इकडे," मला म्हणाल्या. "मी गुण मोजते."

 जानकी आवाजाचा माग काढत त्यांच्यापाशी आली.

"बाय, तू कसाला बसलीस? आमाला कंदी बसू दिलास का?"

"नको गं जानकी. पाय ओढावा लागतो. तुमचा खेळ बिघडेल."

ज्यांनी आम्हा सगळ्यांच्या बुडाखालच्या खुर्च्या काढून घेतल्या, त्या बाई हे बोलल्या. त्या दिवशी खेळ झाला, पण कुणाचं लक्ष लागलं नाही. परतीच्या वाटेवर मी भयंकर संतापलो होतो. संताप कसला, भीती वाटली होती मला.

बाईंच्या अमृतमहोत्सवासाठी समितीने व्यासपीठ, हार, शाल आणि मखमली खुर्ची असा बेत केला होता. मी बैठकीत टेबलावर हात आपटून तो हाणून पाडला. सोहळा चिखल्याच्या मैदानावर होईल आणि तिथे एकही खुर्ची नसेल, चाकांची सोडून. चाकांवरची माणसं खेळायलाच येतात. खेळ लंगडीच, पण नियम जानकीने नवा काढला आहे: जोडीजोडीने हातात हात घालून खेळायचं, उडी मारायची नाही, पळायचं नाही, सगळ्यांनीच चालायचं. बाईंवर उपचार करणारी त्यांचीच विद्यार्थिनी आहे. चालणं हाच त्यांचा उपचार आहे, असं तिने सांगितलं आहे. बाईंनी अजून होकार दिलेला नाही. 'बघू' म्हणाल्या आहेत. 'बघू' हा शब्द त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

म्हणून बाई, सर्व स्नेह्यांच्या देखत तुम्हाला सांगतो. तुमचा उजवा पाय कुरकुरतो, माझा डावा कधीच कामाचा नव्हता. तुमचा डावा आणि माझा उजवा मिळून जोडी पुरी होते, तेव्हा माझा जोडीदार मी निवडला आहे. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, ते निरोगी असो, आणि त्यातला एकही दिवस बघत बसण्यात न जावो. आमच्यावर ओरडत राहा, चिकू पाठवत राहा. खेळ बिघडेल म्हणता? बिघडू दे. बिघडला की दुरुस्त करू.

उठा, बाई. राज्य तुमच्यावर आहे.