सरांचं नेट कॅफे

आमच्या जवळा बाजार गावात नेट कॅफे चालवणाऱ्याला आम्ही सर म्हणायचो. "चपला भायेर काढा, काम्प्युटरला व्हायरस व्हतो," असं ते गंभीरपणे बजावायचे. "मेलवर कुणी करोड रुपये देऊन राहिला, तर आधी त्याला चहा पाजायला सांगा."

एकदा माझे काका तणतणत आले. "पोरगी कुणाला मेल करून राहिली, दाखवा." घरी न सांगता मी औरंगाबादच्या कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलं होतं. दुकानाची जागा काकांचीच होती.

सर उभे राहिले. "जागा तुमची हाय, काका. मेल तिचा हाय. तिला इचारल्याबिगर मी दाखवणार न्हाई."

काका पाय आपटत गेले. सरांचा मला फार अभिमान वाटला.

पुढच्याच आठवड्यात काका स्वतःचा मेल आयडी काढून घ्यायला आले, तेही सरांकडेच.