भिवाचं गाऱ्हाणं

तळ्याच्या बांधावर चढण्याआधी भिवा वहाणा काढायचा, हात जोडायचा आणि समोरच्या पाण्याला मोठ्यानं सांगायचा, "बा राखणदारा म्हाराजा, मी भिवा इलंय. माजो पाय तुज्या अंगार पडलो तर पायाबुडी घे, आणि तुजो पाय माज्या अंगार पडांदेव नको." 'पायाबुडी घे' म्हणजे चूक पोटात घाल. मग थांबायचा. असं गाऱ्हाणं, म्हणजे देवाला विनवणी, घातलं की सोबतच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी तिकडची रीत. सोबत कुणी नसलं की भिवा मान जरा डावीकडे वळवून, भलत्याच जाड आवाजात स्वतःच म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" तेवढं झालं की आपल्या मूळच्या बारीक आवाजात परत यायचा आणि पहिलं पाऊल टाकायचा.

हे प्रथम ऐकलं तेव्हा मला वाटलं, बांधावर दोन माणसं आहेत. दुसरा कोण हे बघायला मी वाकलो आणि घसरून खालच्या शेतात पडलो. वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताचं पाणी अजून आटलं नव्हतं. आमची ओळख झाली ती अशी. तो वर, मी चिखलात.

"मास्तरानू," तो वरून म्हणाला, "विचारल्याशिवाय पाय टाकलात मा?"

मी मूळचा साताऱ्याकडचा. गोवा सुटायच्या आधीची ती वर्षं. मालवण-कुडाळ रस्त्यापासून दोन कोस आत असलेल्या एका गावच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. वय तेवीस, आणि तोंड वयापेक्षा बरंच मोठं. 'आमच्या घाटावर असं नसतं' या वाक्यानं माझा दिवस सुरू व्हायचा. आमच्या डोंगरात मी बिबट्याला काठीनं हाकललं होतं, असंही मी शाळेच्या ओट्यावर बसून सांगून टाकलं होतं. खरं म्हणजे ते बोकड होतं, आणि हाकललं होतं त्यानं मला.

चैत्री पुनवेला गावाच्या देवळात गाऱ्हाणं होतं. मालवणी मला तेव्हा रुपयात चार आणेच कळायची. पण बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात तेव्हा आपणही म्हणायचं, एवढं मी हेरलं होतं, आणि आपण गावाशी किती एकरूप झालो आहोत हे दाखवायला सगळ्यांच्या वरचा सूर लावत होतो. गावचे मानकरी, गावकर, म्हणाले, "...आणि आमचो मास्तर सुट्टीत घराक न जाता, भिवाच्या जोडीन ह्या वर्साची तळ्याची राखण करतलो, तेका सांभाळ रे म्हाराजा!" सगळे माझ्याकडे बघत होते. मी छाती भरून ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

अर्थ कळला तो प्रसादाच्या वेळी. मी गावकरांच्या मागे धावलो. आईला पत्र गेलंय, सुट्टीत येतो म्हणून, काहीतरी करा. गावकर शांतपणे म्हणाले, "देवाक सांगलेला परत घेवक गावणा नाय, मास्तरानू. आणि वाघाक हाकलणाऱ्या माणसाक तळ्याचा भय कसला?"

तळ्याची राखण म्हणजे काय, ते सांगायला हवं. चैत्रापासून तळं आटत जातं. मिरगापर्यंत मधला डोह आणि कडेची दलदल एवढंच उरतं, आणि कोसभरातलं सगळं जितराब तिथं लोटतं. जांभळ्या पाणकोंबड्या, शेकड्यांनी बगळे, संध्याकाळी शीळ घालत उतरणारी अडया नावाची बदकं, मासे खाताना म्हाताऱ्यांसारखी कुरकुरणारी पाणमांजरं. त्या दोन महिन्यांत तिथं जाळं टाकायचं नाही आणि बार काढायचा नाही, ही गावाची जुनी बोली. ती पाळली जावी म्हणून दिवसभर दोन माणसं बांधावर बसायची. एक गावातला, पाळीपाळीनं. दुसरा कायमचा, भिवा.

आणि भिवा हा गावातला सर्वांत भित्रा माणूस होता. नावच भिवा, तेव्हा लोकांना काही शोधावंही लागलं नव्हतं. पान पडलं तरी दचकायचा. बेडूक ओरडायचा थांबला की हा उठून उभा राहायचा. मला आधी हसू यायचं. मग लक्षात आलं की हा दचकतो तिथं दर वेळी काहीतरी असतं. मी शाळेच्या वहीत दिसलेल्या प्राण्यांची नोंद ठेवत होतो. त्या वहीत पहिल्या आठवड्यात चार सुसरी आहेत, आणि चारही लाकडाचे ओंडके होते.

"मास्तरानू, तां लाकूड."

"बरं. आणि ते?"

"तांय लाकूड."

"आणि हे इकडचं, जवळचं? हेही लाकूडच म्हणा!"

भिवा उत्तर द्यायला थांबलाच नाही. मी वळून पाहिलं तेव्हा तो जांभळीच्या झाडापाशी पोचला होता. त्या लाकडानं डोळा मिटला आणि उघडला. त्यानंतर मी जे धावलो ते देवळापर्यंत. वही भिवानं संध्याकाळी आणून दिली.

ती सुसर दोन माणसं लांब होती. तळ्यावर तिचं नाव घ्यायचं नाही, 'म्हातारी' म्हणायचं. त्या वर्षी तिनं जांभळीपलीकडच्या काठाला, वाळूच्या उंचवट्यात अंडी घातली होती. भिवानं ती जागा मला दुरून दाखवली आणि त्या वेळी एकदाच तो लांबलचक बोलला.

"तीस वर्सां झाली. माजो भाव सदा आणि मी हयसर पोवाक येव. म्हातारी तेव्हा तरणी होती. सदा म्हणालो, दादा, आज पाणी बरा दिसणा नाय. तो भियालो. मी हसलंय. तो उतारलो." तो थांबला. "तेच्यानंतर मी भियाक शिकलंय."

मग भिवा पुढं म्हणाला, "तेव्हापासून माणूस जावक नाय. आता एक माणूस गेलो तर दुसऱ्या दिसा बंदुकवाले येतले. मगे म्हातारी गेली, बगळे गेले, तळांय गेला. दोगांका एकामेकांपासून राखूचा आसा, मास्तरानू. ज्येका भय नाय, तेका डोळे नाय."

हे वाक्य मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. मास्तर मंडळींचं हे असंच. उतरवून घेतलं की कळलं असं वाटतं.

कारण वैशाखाच्या शेवटी मला एक अंडं हवंसं वाटलं. शाळेच्या कपाटात ठेवायला. खाली चिठ्ठी: 'सुसरीचे अंडे, स्वतः मिळविले.' दुपारची पेज पिऊन भिवा जांभळीखाली कलंडला होता. डोहाचं पाणी आरशासारखं होतं. म्हातारी सकाळी डोहाच्या पार दुसऱ्या टोकाला दिसली होती. मी वहाणा हातात घेतल्या आणि गाऱ्हाणं न घालता निघालो.

वाळू गरम होती. हातभर उकरल्यावर खालून आवाज आला. कुंव, कुंव. मला वाटलं, कुत्र्याचं पिल्लू कुणी पुरलंय. मी कान लावला. एक नाही, वीस-पंचवीस आवाज. जमीन बोलत होती. मी उठलो, दोन पावलं मागं सरलो आणि दलदलीत मांडीपर्यंत रुतलो.

पाणी फुटल्याचा आवाजही आला नाही. आरसा होता तसाच राहिला आणि त्यातून ती वर आली. पोटावर नाही, चार पायांवर उभी राहून चालत. माझ्यात आणि तिच्यात बैलगाडी उभी राहील इतकंच अंतर. ती उकरलेल्या वाळूपाशी थांबली, तोंड उघडलं आणि मोठ्या भात्यासारखी फुसकारली. मला तिच्या जिभेचा रंग दिसला. फिकट पिवळा. तो रंग मला अजून कुठं दिसला तर मी तिथून उठून जातो. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज घाटावर निघून गेला होता. एवढंच कळत होतं की आता मी हातपाय झाडणार, आणि झाडले की संपलं.

तेवढ्यात मागून बारीक, कापरा आवाज आला.

"बा म्हातारे म्हाराजा..."

भिवा. जांभळीच्या पुढं तीस वर्षांत तो गेला नव्हता. तो दलदलीच्या काठानं येत होता, काठी काखेत धरून, हात जोडून.

"हो आमचो मास्तर, घाटावरचो..." तो थांबला. आणि मग दबक्या आवाजात, "व्हय म्हणा! गाऱ्हाण्यात हालाचा नाय, व्हय म्हणाचा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. कुणाचा आवाज होता देव जाणे.

"तेका अक्कल थोडी..."

"व्हय म्हाराजा!"

"दोन म्हयने सांगतंय, मेल्याक समाजणा नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"बोकडाक वाघ म्हणता..."

म्हणजे हेही गावाला माहीत होतं! पण ती जागा हरकत घेण्याची नव्हती. "व्हय म्हाराजा!"

एकेक वाक्य, एकेक पाऊल. म्हातारी तोंड उघडून ऐकत होती. मी तिच्याकडे बघायचं सोडून भिवाचं पुढचं वाक्य कुठं संपतं याची वाट बघू लागलो, आणि हातपाय झाडायचे राहून गेले.

"चुकान तुज्या दाराक इलो, पोरांक हात लावल्यान, पायाबुडी घे..."

"व्हय म्हाराजा!"

"आता तो पाय काडतलो. हळू. उजवो. उजवो म्हणजे ज्या हातान जेवतास तो, मास्तरानू..."

"व्हय म्हाराजा!"

त्यानं आपली काठी पुढं केली. मी ती धरली. पाय निघाला, मग दुसरा निघाला, धोतर मात्र निघालं नाही. ते म्हातारीकडेच राहिलं. आम्ही मागं मागं सरकत जांभळीपर्यंत आलो. तिनं तोंड मिटलं, वाळूकडे वळली आणि पुढच्या पायांनी उकरू लागली.

झाडाखाली पोचल्यावर भिवा मटकन बसला आणि सगळी पेज ओकला. मग त्यानं आपला पंचा माझ्याकडे फेकला. "गुंडाळा. अडया बघतत."

थोड्या वेळानं मी ताडकन उठलो. "भिवा, ती पिल्लं खातेय!" म्हातारीच्या दातांमधून इवल्या शेपट्या लोंबत होत्या.

"खाणा नाय," तो म्हणाला. "न्हेता. पाण्यात न्हेवन सोडता." आणि त्या दातांच्या करवतीतून एक वीतभर पिल्लू पाण्यात उतरलं आणि पोहू लागलं. मग दुसरं. मी मोजायला वही शोधली. भिवानं माझा हात धरला.

"मास्तरानू, एक मागतंय. ह्यां गावात सांगा नको. सांगलात तर बंदुकवाले येतले."

माझ्यासारख्या माणसाकडे मागू नये अशी ती गोष्ट होती. माझ्या आयुष्यातली एकमेव खरी थरारक हकीकत, आणि ती सांगायची नाही! पण मी 'व्हय म्हाराजा' म्हणालो, आणि या खेपेला अर्थ कळून म्हणालो. धोतराचं विचारलं तेव्हा सांगितलं, वाळत घातलं होतं, माकडांनी नेलं. गाव अजून हसतं म्हणे. पुढची आठ वर्षं मी मागून घेऊन राखणेला बसलो. त्या आठ वर्षांत माणूस गेला नाही, बारही वाजला नाही.

मग माझी बदली वेंगुर्ल्याकडे झाली. वर्षभरानं निरोप आला, भिवा तापानं पडलाय, मास्तरांचं नाव काढतो. गेलो तेव्हा टळटळीत दुपार होती. त्याला पडवीत बाजेवर ठेवलं होतं. घरची माणसं भोवती होती. हाताला हात लावला तर त्यात वजनच नव्हतं.

"मास्तरानू, वाट नवी आसा," तो म्हणाला. "माका भय वाटता. गाऱ्हाणां घाला. मी व्हय म्हणतंय."

मी हात जोडले. "बा देवा महाराजा..."

"म्हाराजा," त्यानं सुधारलं.

"बा देवा म्हाराजा, हा भिवा..."

"हो भिवा."

"हो भिवा तुझ्याकडे येत आहे..."

"येता हा. नव वर्सां हयसर काडलात, मास्तरानू. फुकट."

घरातलं कुणीतरी रडता रडता हसलं. मी पुन्हा सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, हो भिवा तुज्याकडे येता हा."

"व्हय म्हाराजा."

"तो भियाता. तेच्या भियाक कोणाक हसांदेव नको."

त्यानं डोळे मिटले. "व्हय म्हाराजा."

"तेचो भाव सदा थंय आसा. तेका सांग, दादा मागसून इलो."

मी थांबलो. गाऱ्हाण्यात हलायचं नाही, व्हय आल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे मला त्यानंच शिकवलं होतं. बाहेर खळ्यात एक कोंबडी ओरडायची थांबली. मी दचकलो, पण हललो नाही. हात जोडून तसाच उभा राहिलो, बराच वेळ, शेवटी त्याच्या मुलानं माझ्या खांद्यावर हात ठेवेपर्यंत.